अनुभव धागा: घरी उघडलेलं इंजिन परत जोडलं का?

बाल्कनीतला मेस्त्री
मंडळी, बाबांची १९८६ची चेतक नऊ वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात पडली होती. दिवाळीच्या सुट्टीत अंगात आलं आणि इंजिन खाली घेतलं. चेतकचं एक बरं, शॉकअपचा बोल्ट आणि तो एक लांब बोल्ट काढला की मागच्या चाकासकट इंजिन हातात येतं. लेथवाल्याकडून बोअर करून आणला. पिस्टन, रिंगा, ऑइल सील सगळं नवं. सुटे भाग आईच्या परातीत रॉकेल ओतून धुतले (परात अजून परत मिळालेली नाही, असं ती रोज सांगते). उघडायला एक दुपार लागली, जोडायला तीन रविवार.

पहिल्या दिवशी चालू झाली. दोन मिनिटं फिरली, मी कौतुकाने रेस केली आणि खट् करून बंद. तेव्हापासून स्पार्क येतो, पेट्रोल येतं, पण किक मारली की कार्ब्युरेटरमधून 'फट्' आणि मग शांतता. पॉइंटची (जे उघडले की ठिणगी पडते त्यांची) फट फिलर गेजने ०.४ मिमी मोजून ठेवली आहे, पिस्टनवरच्या बाणाची बाजू सायलेन्सरकडेच आहे.

तुम्ही घरी इंजिन उघडून परत जोडलं असेल तर लिहा. टायमिंग (ठिणगी आणि व्हॉल्व्ह नेमके कधी, ते) कसं लावलंत, कुठे फसलात. जमलेलं लिहा, फसलेलं आधी लिहा.

बिनक्लचचा
माझी येझदी. किक आणि गिअर एकाच दांडीला, नवीन माणूस हमखास गोंधळायचा. पॉइंट बदलले आणि टायमिंग घरीच लावायचं ठरवलं. प्लगच्या भोकातून सायकलची स्पोक आत सोडायची, पिस्टन टॉपला आला की स्पोकवर खूण करायची, आणि टॉपच्या थोडं आधी पॉइंट उघडतील अशी प्लेट फिरवून आवळायची. मी ते 'थोडं' जरा जास्तच आधी ठेवलं.

हलकी किक मारली, गाडी चालू. आवाज किंचित वेगळा वाटला, पण चालू झाल्याच्या आनंदात कोण ऐकतंय. पहिला टाकला आणि गाडी मागे गेली! सरळ तुळशीवृंदावनावर. झालं असं की ठिणगी इतकी लवकर पडली की पिस्टन टॉपला पोचायच्या आतच मागे ढकलला गेला आणि इंजिन उलटं फिरायला लागलं. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, क्रँक कुठल्याही बाजूने फिरला तरी पोर्ट त्याच क्रमाने उघडतात, मग त्याला उलटं फिरायला हरकत काय? आजी पुढची दहा वर्षं पाहुण्यांना सांगायची, आमच्या नातवाच्या फटफटीला रिव्हर्स गिअर आहे.

उलटे आटे
बुलेट ३५०, लोखंडी बोअरची जुनी. कोल्हापुरात बुलेट घेतली की गल्लीतला प्रत्येक जण मेस्त्री होतो, तसा मीही झालो.

टायमिंगची बाजू उघडली. क्रँकच्या टोकाला ऑइल पंप फिरवणारा वर्म असतो, तोच आतल्या पिनियनचा नट. तो सुटेना. पान्याला पाइप लावला, मित्राला पाइपवर उभा केला. मित्र शंभर किलोचा. पाना घसरला, मित्र पडला, नट जागेवरच. शेजारचे काका चहा पिता पिता म्हणाले, "अरे पोरा, त्याला उलटे आटे आहेत. तू आवळतोयस." टोपणनाव तिथूनच.

कॅमच्या चाकांवर खुणा असतात, त्या जुळवणं अवघड नाही. खरी गंमत पॉइंटला. ठिणगीचा कॅम क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा फिरतो, म्हणजे पिस्टन वर आला एवढं पुरत नाही, तो कॉम्प्रेशनवर आला का ते बघायला हवं. मी एक्झॉस्टच्या टॉपवर लावलं. किक मारली तर सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. दुसऱ्यांदा स्ट्रोक बरोबर धरला पण ठिणगी जास्त आधी ठेवली, तर किकने नडगीवर असं काही उलटं मारलं की महिनाभर लंगडत होतो.

शेवटी काकांनीच शिकवलं. पॉइंटमध्ये सिगरेटचा पातळ कागद धरायचा आणि इंजिन हळूहळू फिरवायचं. ज्या क्षणी कागद सैल सुटतो, तिथे पॉइंट उघडले. किंवा चावी चालू ठेवून अ‍ॅमीटरकडे बघायचं. पॉइंट बंद असताना काटा मायनसला झुकतो, उघडले की मध्ये येतो. मी दोन्ही करतो, नडगीचा विश्वास बसत नाही.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर लावायचे. पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्या) बोटांनी फिरले पाहिजेत, पण वर-खाली हलता कामा नयेत.

बाल्कनीतला मेस्त्री
@उलटे आटे, नडगीबद्दल सहानुभूती. काकांचा पत्ता मिळेल का?

अनुजा
बुलेट सोडली तर मी एकटीच फोर-स्ट्रोकवाली दिसतेय. भावाची स्प्लेंडर, ९७.२ सीसी, धूर मारत होती. रिंगा बदलायला मी उघडली, कारण तो ऑफिसला जातो आणि मला सुट्टी होती. (लेथवाला बोअर माझ्या हातून घेऊन उत्तरं भावाला देत होता. असो.)

पहिला अपघात: गजन पिनचा (पिस्टनमधली पिन) लॉक बसवताना पक्कडीतून उडाला आणि क्रँककेसमध्ये. क्रँककेसच्या तोंडात फडका कोंबायचा हे नंतर कळलं. जुन्या हेडफोनमधलं चुंबक दोऱ्याला बांधून पाऊण तास मासे पकडले, तेव्हा सापडला.

टायमिंगला मॅग्नेटवर (क्रँकच्या टोकाचं चुंबकाचं चाक) टी ची खूण आणि वर कॅमच्या चक्रावर ओ ची खूण. टी खिडकीतल्या रेषेसमोर, ओ हेडच्या खुणेसमोर, मग चेन चढवायची. मी चढवली, खुणा जुळल्या, खूश. गाडी चालू झाली, पण तिसऱ्या गिअरला चढावर जीवच नाही. टॅपेटवर संशय घेतला, फिलर गेजचं ०.०५ मिमीचं पान पुन्हा पुन्हा घालून पाहिलं. शेवटी कव्हर उघडलं तर कॅम एक दात मागे. मी खुणा जुळवल्या तेव्हा चेन एका बाजूला सैल होती. चेन ताणणारा टेन्शनर बसल्यावर तिने तो सैलपणा खेचून घेतला आणि कॅम सरकला. म्हणून टेन्शनर लावल्यावर इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवा आणि खुणा परत बघा. फिरताना कुठे अडलं तर जोर लावू नका, आत व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतोय.

शिवारातला
अनुजाताई, तुमच्या 'परत बघा'मुळे आमची एक रात्र गेली होती, तेवढी सांगतो.

आमचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर. द्राक्षाची फवारणी तोंडावर, आणि इंजिन अंगणात उघडं. टायमिंगच्या पेटीत क्रँकचा गिअर, मध्ये आयडलर (जोडणारं मधलं चाक), वर कॅमचा आणि डिझेल पंपाचा. सगळ्या खुणा जुळवून बसवल्या, बॅटरीच्या उजेडात दोनदा तपासल्या. मग शहाणपणा म्हणून हाताने दोन फेऱ्या दिल्या. खुणा गायब! एकही कशासमोर नाही. भाऊ म्हणाला दात चुकला, परत काढ. काढलं, बसवलं, फिरवलं, परत गायब. रात्री एक वाजता आमच्या जुन्या मेस्त्रींना फोन केला. ते झोपेतच हसले. आयडलरच्या दातांची संख्या क्रँकच्या पटीत नसते, त्यामुळे त्याच्यावरची खूण परत जागेवर यायला कितीतरी फेऱ्या लागतात. क्रँक आणि कॅमचं नातं मात्र सुटत नाही, दोनास एक ते दोनास एकच. एकदा बसवताना जुळलं की विषय संपला. पहाटे डिझेलच्या नळीतली एअर काढली, एका सेल्फमध्ये चालू. पहिली फवारणी वेळेत झाली.

उलटे आटे
@बाल्कनीतला मेस्त्री, तुझी खट् डोक्यात राहिली. चालू होती, रेस केली, खट्, आणि मग कार्ब्युरेटरमधून मागे फट्. मॅग्नेट आवळताना धरलं कसं होतंस?

बाल्कनीतला मेस्त्री
धरायचं टूल नव्हतं. जुना पट्टा गुंडाळून बायकोने धरलं, मी पान्याने जमेल तेवढं आवळलं. का?

उलटे आटे
मॅग्नेट काढ. आतली अर्धचंद्राची की बघ. ती फक्त मॅग्नेट कुठे बसायचं ते दाखवते, पकड सगळी टेपरची (क्रँकच्या निमुळत्या टोकाची) असते. नट ढिला राहिला किंवा टेपरला तेल राहिलं की रेसच्या झटक्याने की कापली जाते आणि मॅग्नेट स्वतःच्या मर्जीने फिरतं. पॉइंटची फट कितीही मोजलीस तरी त्याला उघडणारा कॅम मॅग्नेटच्याच पोटात आहे, तोच सरकला.

बिनक्लचचा
टेपर पेट्रोलने पुसून कोरडा कर. ग्रीस नको, प्रेमाने सुद्धा नको.

बाल्कनीतला मेस्त्री
दंडवत. कीचे दोन तुकडे, विळीने कापल्यासारखे. नवी की कोपऱ्यावरच्या स्पेअरच्या दुकानात सुटी मिळाली, टेपर पुसला, मॅग्नेट धरायला टूल भाड्याने आणलं. तिसऱ्या किकला चालू. पांढरा धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला, वरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली, बाबा मात्र खाली येऊन उगाच हँडल धरून उभे राहिले.

मग मी फेरी मारायला पहिला टाकला आणि गाडी बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लक्षात आलं: पहिल्यासाठी हँडल फिरवलं की चौथा पडतोय. गिअरच्या दोन्ही केबल अदलाबदल करून लावल्यात. परात परत खाली आणली आहे.