मदत हवी आहे : मासळी ओळखणारं मॉडेल क्लाउड सेवेवर बनवावं का?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा. पणजीजवळच्या मालिम जेटीवर उतरणाऱ्या मासळीची जात फोटोवरून ओळखणारं मॉडेल आम्ही दोघं मित्र बनवतोय. बांगडा, इसवण लगेच ओळखू येतात. तारले आणि पेडवे मात्र मॉडेल सारखं एकमेकांत घालतं. त्यात टोपलीतल्या बर्फाखाली मासा अर्धाच दिसत असेल, तर विचारूच नका.

एक नवी स्टार्टअप डीप लर्निंगची (भरपूर उदाहरणं दाखवून संगणकाला शिकवण्याची) साधनं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून त्यांच्याच संगणकांवर, भाड्याने देते. फोटो चढवा, लेबलं लावा, ट्रेनिंग ते बघतील. काम सोपं होतं, पण तयार मॉडेलची वेट्स (शिकून तयार झालेले आकडे, ज्यांवर मॉडेल चालतं) आपल्याला मिळणार का, यावर करारात चकार शब्द नाही. मॉडेल एकीकडून दुसरीकडे नेण्यासाठीचा ओएनएनएक्स फॉरमॅट 2017 पासून आहे, मग द्यायला अडचण काय? जेटीवर रेंज जाते, म्हणून मॉडेल फोनवरच चालायला हवं.

दुसरा मार्ग म्हणजे 16 जीबीचं टी4 जीपीयू (ट्रेनिंगला लागणारी वेगवान चिप) तासाच्या भाड्याने घेऊन रेझनेट हे फोटो ओळखणारं तयार मॉडेल स्वतः फाइन-ट्यून करणं, म्हणजे आपल्या फोटोंवर पुढे शिकवणं.

कुणी दोन्ही करून पाहिलंय का? बिल कशात फुगतं, ट्रेनिंगमध्ये की साठवणीत? करारात नेमकं काय लिहून घ्यावं? 31 जुलैला मासेमारीबंदी संपते, त्याआधी ठरवायचंय.