नववी-दहावीच्या पोरांना ॲक्च्युअरी म्हणजे काय, ते कसं सांगू? (सोलापूर)

चटणीभाकर:
नमस्कार मंडळी. विडी घरकुल भागात शिकवणी घेते. नववी-दहावीची तीस पोरं आहेत. बऱ्याच जणांची आई विडीकामात, वडील यंत्रमागावर. पोराचं गणित बरं दिसलं की घरचे एकच विचारतात, इंजिनिअर की सीए? शनिवारचे दोन तास संभाव्यता, तर्ककोडी आणि ॲक्च्युअरीचं (विम्यातली जोखीम गणितानं मोजणाऱ्याचं) काम यासाठी काढलेत. भाषण नको आहे. काय घेऊ?

हुतात्मातला_विंडोसीट:
ताई, पगाराच्या आकड्यापासून सुरू करू नका, पुढचं कुणी ऐकत नाही. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेतला फासा घ्या. दहा रुपये लावायचे, सहा पडला तर चाळीस परत. पोरांना वाटतं, चौपट मिळतात! साठ वेळा टाकायला लावा. सहाशे लावले, सहा साधारण दहादा पडणार, म्हणजे चारशेच्या आसपास हाती. उरलेले दोनशे स्टॉलवाल्याचे. मग विमा आपोआप कळतो: समजा हजार जणांचा दहा-दहा लाखांचा विमा आहे आणि वर्षात दोघे जातील असा अंदाज. वीस लाख भागिले हजार, माणशी दोन हजार, वर खर्च. तो "दोघे" कुठून आणायचा, हे ॲक्च्युअरीचं काम. हॅलीनं, हो, धूमकेतूवालाच, १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कोणत्या वयात किती जण जातात याचा तक्ता मांडला होता.

तागडी:
कोड्यासाठी शेंगाचटणीची नऊ पाकिटं न्या. एक किंचित हलकं. ते शोधायला तागडी दोनदाच वापरायची, वजनं नाहीत. (तीन-तीन-तीन. पण लगेच सांगू नका, चार-चार घेऊन अडकू द्या.) नंतर पाकिटं फोडायची, हे आलंच.

सातरस्ता७:
खरं तेही सांगा की. बारावीनंतर इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा, ती पास केली की पेपरांची ही मोठी माळ. नोकरी करत करत वर्षानुवर्षं देतात लोक. आमच्या भाच्यानं मध्येच सोडलं. आणि नोकऱ्या बहुतेक मुंबई-पुण्याकडं.

हुतात्मातला_विंडोसीट:
बरोबर आहे. पण बीएस्सी, बीकॉम करता करता देता येते ही परीक्षा, दार बंद होत नाही. ताई, अजून एक: २३ जणांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. वर्गात करून बघा.

चटणीभाकर:
केलं! पोरांची एक जोडी निघाली. मग हौसेनं आजी-आजोबांच्या आधारवरच्या तारखा मागवल्या, तर सव्वीसपैकी नऊ जण १ जूनचे. एक पोरगी म्हणाली, "बाई, त्या दिवशी दवाखान्यात काय गर्दी असंल की!"

हुतात्मातला_विंडोसीट:
😂 गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख. २३ जणांचं ते गणित सगळे दिवस सारखे धरून केलेलं असतं, इथं ते धरताच येत नाही. वयाचा पुरावा किती खरा, हा प्रश्न विम्यात रोजचाच. पुढचा तास यावरच घ्या.

चटणीभाकर:
तोच घेतेय. खरी तारीख घरी विचारून या म्हटलंय. पहिलं उत्तर आलं: "आज्जी भोगीला झाली, तिकडं गड्ड्यात सिद्धेश्वराच्या अक्षता पडत होत्या." वर्ष? "लई पाऊस झालता त्याच्या पुढचं." आता हे वहीत कसं मांडू, सांगा.