प्रतिसाद: दोन सैनिकांचं नाणं

वर विचारलंय की दोन सैनिक असलेलं हे तांब्याचं रोमन नाणं कोणत्या काळातलं, आणि लिंबाने घासून उजळलं तर चालेल का. लिंबू अजिबात नको! तो हिरवट-तपकिरी थर म्हणजे नाण्याची कातडी आहे. तो गेला की अक्षरंही जातात. माझं एक नाणं मी असंच गमावलंय, अजून वाईट वाटतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत राहा आणि महिनाभर धीर धरा.

आता ओळख. भोवती 'ग्लोरिया एक्झर्सिटस', म्हणजे सैन्याचा गौरव, असं आहे. सैनिकांच्या मध्ये ध्वज किती दिसतात ते बघा. दोन असतील तर साधारण इ.स. ३३० ते ३३५, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा काळ. एकच असेल तर त्यानंतरचं. ध्वजाबरोबर नाण्याचं वजनही घटलं, अडीच ग्रॅमच्या आसपासचं दीडवर आलं. महागाईची गोष्टच ती, तळहातावर मावणारी.

सैनिकांच्या पायाखालच्या रेघेखाली टांकसाळीची खूण असते: 'टीआर' म्हणजे ट्रिअर (आजच्या जर्मनीतलं शहर), 'कॉन्स' बहुधा कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल). तेवढ्या भागाचा तिरप्या उजेडात फोटो टाका ना, आणि वजनही कळवा.