समीक्षेतल्या जड शब्दांनी तुम्हाला कधी छळलंय?

मोरपिशी
भाचीचा प्रबंध चाळत होते. 'सदर कादंबरी स्त्रीच्या अस्तित्वभानाचा अवकाश अधोरेखित करते.' एम.ए.ची आठवण झाली. मी लिहिलं होतं, 'नायिका घर सोडून जाते.' मार्गदर्शकांनी लाल पेनाने खोडून केलं, 'नायिका कौटुंबिक अवकाशाचे उल्लंघन करते.' पुढे कितीतरी दिवस कुणी घराबाहेर पडलं की मैत्रिणी विचारायच्या, उल्लंघन का? तुमचेही किस्से येऊ द्या.

खवट
'अधोरेखित'वर बंदी आणा. एका परीक्षणात आधी लेखिका अधोरेखित करते, मग नायक, शेवटी पाऊससुद्धा.

चकवा
=)) पाऊस!

सांजवेळ
शीर्षकात 'एक चिकित्सक अभ्यास' असलंच पाहिजे. आत काय, तर एकामागून एक कथानकांचे सारांश. मध्येमध्ये 'प्रत्ययकारी' आणि 'आशयघन' पेरलं की झालं प्रकरण.

बिनधास्त_बोका
ॲलन सोकल आठवा! पदार्थविज्ञानाचा माणूस. 'सोशल टेक्स्ट' या सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकाला मुद्दाम असाच शब्दबंबाळ, निरर्थक लेख पाठवला आणि तो 1996 मध्ये छापून आला.

उंबरठा
बोका, त्या नियतकालिकात तेव्हा बाहेरच्या तज्ज्ञांकडून लेख तपासून घेत नसत, तेही सांगा की.
आणि सगळे शब्द पोकळ नसतात हो. फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाची विरचना (डीकन्स्ट्रक्शन) ही वाचायची एक विशिष्ट रीत आहे. बोलणं-लिहिणं, निसर्ग-संस्कृती अशा जोड्यांत संहिता एकाला वरचं स्थान देते आणि ती उतरंड तिच्याच आतून कशी डळमळते, ते दाखवायचं. हल्ली मुखपृष्ठ आवडलं नाही तरी 'विरचना केली' म्हणतात. त्यात देरिदाचा काय दोष?

खवट
कबूल. पण समजेल असं लिहायला कुणी अडवलंय?

उंबरठा
अमेरिकन तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलरना 1998 मध्ये वाईट लेखनाचं 'बक्षीस' दिलं होतं. त्यांचं उत्तर असं की, रूढ समजुतींना धक्का द्यायचा तर रूढ भाषा कधी कधी अपुरी पडते. मला अर्धं पटतं. बाळ उठलं, उरलेलं अर्धं नंतर.

चकवा
मोरपिशी, भाचीचा विषय काय?

मोरपिशी
मौनाचे राजकारण. 400 पानं.

चकवा
_/\_

गवतफूल
थोडं अवांतर. माझा प्रबंध जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना सगळे रफार उडाले. 'परिवर्तन'चं 'परिवतन'. तोंडी परीक्षेत कुणी चकार शब्द काढला नाही. नवीन संज्ञा वाटली असावी.

सांजवेळ
बाई गं! माझंही तेच झालंय, जोडाक्षरं सगळी फुटलीत. दुरुस्त कशाने केलंस?

गवतफूल
हाताने. शोधा आणि बदला, रात्र रात्र जागून. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, कुठली अक्षरं आधी बदलायची त्याची यादी आहे माझ्याकडे.

बिनधास्त_बोका
मलापण पाठव.