मदत हवी आहे: एक्सपीवरची उघडी फाइल विंडोज ११ वर कशी आणावी?

वजनकाट्याचा पीसी एक्सपीवर आहे, त्याचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. एक्सपीला फक्त एसएमबी १ (नेटवर्कवर फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत) येतं आणि विंडोज ११ प्रो २४एच२ वर ते बंद असतं. पिंग जातो, फोल्डर उघडत नाही. एसएमबी १ चालू करणार नाही. २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस त्याच वाटेने पसरला.

म्हणून मध्ये विंडोज ७ चा पीसी, तो दोघांशी बोलतो. तिथे पासवर्डवाला युजर केल्यावरच ११ वरून शेअर उघडला, गेस्टने नाही. एक्सपीवरून ७ वर रोबोकॉपी (विंडोजची कॉपी करायची कमांड), /आर:२ /डब्ल्यू:५ देऊन, म्हणजे ५ सेकंदांच्या अंतराने २ च फेरप्रयत्न. नाहीतर अडलेल्या एका फाइलवर दर ३० सेकंदांनी एक, असे तब्बल १० लाख प्रयत्न होतात. डिस्क एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटची, तिथे फाइलच्या वेळेत २ सेकंदांचा फरक पडतो, म्हणून तो सोडून देणारं /एफएफटी.

अडतं एवढंच: आजची एमडीबी फाइल (अ‍ॅक्सेसचा डेटाबेस) सॉफ्टवेअरने धरलेली असते, एरर ३२ (फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमकडे उघडी) येते. काटा न थांबवता तिची धड कॉपी कशी घ्यावी?