‘मानहानी’ की ‘अब्रुनुकसानी’?

प्रश्न : आमच्या साप्ताहिकाची मुद्रितं मी तपासते. परवा एका बातमीत मंत्र्याने पत्रकारावर ‘मानहानीचा दावा’ लावल्याचं आलं. मी लहानपणापासून ‘अब्रुनुकसानी’ ऐकत आले. ‘मानहानी’ हिंदीच्या वळणाचं म्हणून बदलावं का?

उत्तर १ : हिंदीच्या वळणाचं म्हणून नको, अर्थासाठी बदला. अब्रू हा शब्द फारसी ‘आब-रू’चा, म्हणजे चेहऱ्याचं पाणी, तेज. आपल्या चेहऱ्याचं तेज दिसतं ते दुसऱ्याला. म्हणून अब्रू जाते ती चारचौघांत. बंद खोलीत कुणी तोंडावर शिवी दिली तर मान दुखावतो, अब्रू शाबूत राहते. कायद्यालाही हेच अभिप्रेत आहे. पूर्वीच्या दंड संहितेत कलम ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३५६ आहे. विधान तिसऱ्या माणसापर्यंत पोचावं लागतं आणि त्याने इतरांच्या नजरेत पत उतरावी लागते. स्वतःला किती लागलं, हा प्रश्नच नाही.

मंत्र्यांच्या बाबतीत तर हा फरक जपायलाच हवा. कडक टीकेने मान दुखावतोच, पण ती आपोआप गुन्हा होत नाही. या कलमाला दहा अपवाद आहेत. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनाबद्दल सद्भावाने दिलेलं मत त्यांपैकी एक. १९९४ च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढे जाऊन सांगितलं, की अधिकाऱ्याला आपल्या कामाशी निगडित मजकुराबद्दल नुकसानभरपाई मागता येत नाही. मजकूर खोटा होता आणि छापणाऱ्याने खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही, हे त्याने सिद्ध केलं तरच ती मागता येते. ‘मानहानी’ लिहिलं की हे सगळं झाकलं जातं आणि वाचकाला वाटतं, साहेबांना लागलं म्हणजे गुन्हा झाला.

उत्तर २ : वरच्या ‘सद्भाव’वर थांबायला हवं. बोलण्यात सद्भाव म्हणजे मनात वाईट नसणं. कायद्यात मात्र योग्य ती दक्षता घेतल्याशिवाय सद्भाव नाही. १८८२ चं कोल्हापूर प्रकरण आठवा. कारभारी बर्वे छत्रपतींचा छळ करतात, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने पोटतिडकीने लिहिलं. आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांच्या हेतूवर कोण शंका घेईल? तरीही चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. मला तो इतिहास वाचताना दर वेळी हळहळ वाटते. पण पत्र छापण्याआधी पारखायचं, हा धडा त्यातलाच.

प्रश्नकर्ती : आणि ‘दावा’?

उत्तर १ : दावा दिवाणी, भरपाईसाठी. शिक्षा व्हावी म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातात ती फिर्याद. बचावही वेगळे. दिवाणीत सत्य सिद्ध झालं की पुरतं. फौजदारीत ते लोकहितासाठी सांगितलं, हेही दाखवावं लागतं. त्यामुळे आधी कागद पाहा.

प्रश्नकर्ती : कागद मागवून पाहिला. फौजदारी तक्रार आहे. मथळा बदलला : ‘मंत्र्याची पत्रकाराविरुद्ध अब्रुनुकसानीची फिर्याद’.

उत्तर २ : छान. आत ‘बदनामी करणाऱ्या पत्रकारावर’ असं राहिलं असेल तर तेही काढा. बदनामी झाली की नाही, ते अजून ठरायचंय. ‘बदनामी केल्याचा आरोप असलेल्या’ लिहा, ओळ लांबली तरी चालेल.