आईला मुंबईत इराण्याकडे न्यायचंय: मावा केक, ब्रून मस्का, कस्टर्ड, रासबेरी

गोदाकाठची_लेक
नमस्कार मंडळी. लग्नाआधी माझी आई फोर्टमध्ये टेलिफोन खात्यात नोकरीला होती. पगार झाला की मैत्रिणींबरोबर इराण्याचं हॉटेल गाठायचं. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, दोघींत एक, पण चहा मात्र जिचा तिचा. हे ती अजून रंगवून सांगते. आता सत्तरी उलटली आहे आणि गुडघ्यांमुळे जिने नकोसे झालेत. पुढच्या महिन्यात नाशिकहून सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने निघायचं आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत यायचं, असा बेत आहे.

माझी यादी: ग्रँट रोडला मेरवान, धोबीतलावला कयानी, बेलार्ड इस्टेटला ब्रिटानिया आणि चर्चगेटला रुस्तमचं आइसक्रीम. एका दिवसात होईल का? आणि गुरुवारी, शनिवारी आई अंडं खात नाही, तर त्या दिवशी तिला काय चालेल?

ठाकूरद्वारचा
ताई, चारही ठिकाणं एका दिवसात नका करू. दोन करा आणि निवांत बसून करा. इराण्याकडे उभ्याने पार्सल घेतलं तर निम्मी मजा गेली. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, काउंटरवर बिस्किटांच्या बरण्या, हे सगळं त्या चहाबरोबरच पोटात जातं. तुमच्या आईंना तर तेच हवं असणार.

मेरवान 1914 सालचं आणि ग्रँट रोड स्टेशनला लागूनच, म्हणून मोह होतो. पण तिथला मावा केक हा सकाळचा खेळ. पंचवटी सीएसएमटीला लागून तुम्ही ग्रँट रोडला पोचेपर्यंत अकरा वाजून जातील. तोवर केकचे ट्रे रिकामे झालेले असण्याचीच शक्यता जास्त. मुक्काम असेल तरी ते अजून चालू आहे का हे आधी विचारून मगच जा, एका दिवसाच्या फेरीत सोडा.

त्यापेक्षा थेट कयानी गाठा. 1904 सालचं दुकान, मेट्रो सिनेमाच्या समोर. खालीच बसा, वरच्या बैठकीला जिना आहे. मावा केक इथेही मिळतो. केकचा कागद हळूच सोलायचा. बुडाला तपकिरी झालेला भाग कागदाला चिकटून येतो, तो आधी खायचा. सगळ्यात जास्त मावा आणि वेलची तिथे लागते. केक हाताला जड लागला पाहिजे, हलका फुलका असेल तर मावा कमी.

ब्रूनबद्दल एक विचारतो, आईंचे दात कसे आहेत? ब्रूनचं कवच कडक असतं, चावलं की कडकड वाजतं. त्रास होत असेल तर बन मस्का मागवा, तो मऊ आणि किंचित गोडसर. पण त्यांना ब्रूनच हवा असेल तर चहात बुडवून धरायचा. लोण्याचे पिवळे डोळे चहावर तरंगायला लागले की उचलायचा. चहा मागवताना ‘पानी कम’ म्हणा, दाट आणि कडक येतो.

अंड्याचं म्हणाल तर मावा केक आणि इराण्याकडचं कॅरॅमल कस्टर्ड दोन्हींत अंडं असतं. गुरुवार, शनिवार टाळाच. नाहीतर ब्रून मस्का, खारी आणि चहा यावर भागवावं लागेल, आणि एवढ्या लांब आणून आईंना कस्टर्ड नाही म्हणजे फार वाईट वाटेल. रोख पैसे जवळ असू द्या.

माटुंग्याची_मीनल
काकांशी सहमत, फक्त दुसरं ठिकाण ब्रिटानियाच ठेव. 1923 सालचं आहे, दुपारच्या जेवणापुरतंच उघडं असतं आणि रविवारी बंद. कयानीत थोडंच खा, म्हणजे इथे बेरी पुलाव पोटात मावेल. त्यात झरेश्क नावाच्या इराणी बेरी असतात, लाल, आंबट, मनुकेपेक्षा लहान. त्या आंबटपणानंतर कस्टर्ड खायचं, मग त्याची खरी चव कळते. चांगल्या कस्टर्डची खूण म्हणजे साखर नीट गडद होईपर्यंत जाळलेली असते. वरचा पाक जरासा कडवट लागला पाहिजे, नुसता गोड असेल तर ते दुधाचं पुडिंग झालं.

रासबेरी, म्हणजे रासबेरीचा सोडा, पालनजी कंपनीची माग. पारशी लग्नाच्या जेवणात हीच बाटली असते. भडक लाल आणि भरपूर गोड, त्यामुळे दोघींत एक पुरे.

भाजीवाली_गल्ली
रुस्तम मात्र मला सोडवत नाही! दोन पातळ बिस्किटांमध्ये आइसक्रीमची जाड वडी, हातात धरून खायची. चर्चगेटला स्टेडियमच्या बाजूला आहे, बसायला जागा नाही. आईंना टॅक्सीत बसवून ठेव आणि तू जाऊन आण. पटकन वितळतं, हातरुमाल ठेव.

गोदाकाठची_लेक
किती नीट सांगितलंत सगळ्यांनी! आईला वाचून दाखवलं. दात पक्के आहेत आणि ब्रूनच हवाय. मंगळवार ठरवतेय. आधी कयानी, मग ब्रिटानिया, वेळ उरला तर रुस्तम. ठाकूरद्वारचे काका, सीएसएमटीहून कयानीला चालत जाणं आईला झेपेल का? पंधरा मिनिटं दाखवतंय.

ठाकूरद्वारचा
नका चालवू. स्टेशनसमोरच्या सबवेला पायऱ्या आहेत, गर्दीही असते. मेल गाड्यांच्या फलाटांकडून पी. डिमेलो रोडच्या बाजूला बाहेर पडा, तिथून टॅक्सी करा. जवळचं भाडं म्हणून एखादा नाही म्हणेल, दुसऱ्याला विचारा. टॅक्सीवाल्याला ‘मेट्रो सिनेमा’ एवढंच सांगा. आणि आईंना दारातून आत शिरल्यावर डावी-उजवी जी खुर्ची आवडेल तिथे बसू द्या, घाई करू नका. मंगळवारी अकराच्या सुमाराला मीही तिथेच चहाला असेन. हरकत नसेल तर आईंना भेटायला आवडेल, आमच्या ताईही त्याच काळात टेलिफोन खात्यात होत्या.